राहिलेली अक्षत

रविवार, ४ मे २०२५

ही वही इशिताने पोर्तुगालहून आणली. कव्हर बुचाचं आहे, बाटलीला लावतात त्या बुचाचं. सहा महिने कपाटात पडून होती. रिटायर झाल्यावर माणसाने काहीतरी लिहावं, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं असं की सत्तावीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेली, आता स्वतःचं कशाला लावू? पण आज बसले आहे लिहायला. डोक्यात आहे ते विनयशी बोलून उपयोग नाही. नवऱ्याकडे सगळ्याला एकच उत्तर असतं, "होईल गं नीट."

इशिता जेवायला आली होती. मैत्रिणी विचारतात, लेक काय करते? त्यांच्या मुलांचं बरं आहे, डॉक्टर, अकाउंटंट, एका शब्दात काम संपतं. माझ्या मुलीचं काम सांगायला दोन कप चहा लागतो. पोलंड, पोर्तुगाल, लिथुआनिया, इटली इथलं एकेक गाव आणि आमचं हॅरो, अशा पाच गावांतल्या संस्था मिळून वर्षभर काहीतरी एक करतात आणि शेवटी एका गावात जमून महोत्सव करतात. हॅरोची बाजू इशिता सांभाळते. हा देश युरोपातून बाहेर पडला आणि माझी मुलगी इथे बसून युरोपला चहाला बोलावते आहे. मला अभिमान आहे. तिच्या तोंडावर मात्र मी "फार्मसी केली असतीस तर" एवढंच म्हणते, का ते माझं मलाच माहीत नाही.

गेल्या वर्षीचा महोत्सवही हॅरोतच होता. दोनशे खुर्च्या, अडतीस माणसं, त्यात आम्ही दोघं. पोर्तुगालहून आलेली बाई जीव तोडून गात होती आणि शेवटच्या रांगेत हॉलचा केअरटेकर झोपला होता. इशिता संध्याकाळभर हसत होती. गाडीत बसली, सीटबेल्ट लावला आणि रडायला लागली. सत्तावीस वर्षांची मुलगी.

या वर्षी पाच गावांनी मिळून एक टेबलक्लॉथ केलाय. प्रत्येक गावाने सहा मीटर भरतकाम करायचं, असा तीस मीटरचा. एकवीस जूनला तो बागेत एका लांबलचक टेबलावर अंथरायचा आणि गावाने त्याभोवती बसून जेवायचं. पाहुण्या गावांची माणसंही येणार.

"आणि कोणी आलं नाही तर?" मी विचारलं.

"मग हा लास्ट फेस्टिव्हल. फंडिंग देणारी संस्था हॅरोला यादीमधून काढणार. They've been quite clear, आई."

म्हणाली आणि वरणभात कालवत बसली. खाल्ला नाही.

शनिवार, १० मे

इशिताचा "आउटरीच" पाहिला. बाराशे पत्रकं छापून आलीत. निळी, सुंदर, कोपऱ्यात QR कोड, मधे मोठ्या अक्षरांत: सर्वांचे स्वागत.

मी म्हटलं, "सगळ्यांना बोलावलं म्हणजे कोणालाच बोलावलं नाही."

"आई, that's literally how events work."

"अगं, गेल्या वर्षी किती पत्रकं वाटली होती?"

"पंधराशे."

"आले किती?"

तिने पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. मी आपली सुटलेच. म्हटलं, माणूस पोस्टर बघून येत नाही, बोलावलं म्हणून येतो. दारात जाऊन, नाव घेऊन, "तुम्ही यायचं हं" म्हणावं लागतं. कोणी घरी येऊन सांगितलं की न जायला तोंड राहत नाही.

विनयने पेपरातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला अर्थ कळला. मी वळून भाजी ढवळली.

वहीत लिहायचं तर खरं लिहावं. तीन वर्षांपूर्वी विनयची साठी केली. ऐंशी माणसं, हॉल, केटरर, सगळं मी एकटीने ठरवलं. सोपं पडतं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला आणि त्यावर आमंत्रण टाकलं. त्याच ग्रुपमध्ये विनयचे थोरले भाऊ संजयभाऊजी आणि माझी थोरली जाऊ, आशावहिनी. राहतात वॉटफर्डला, गाडीने पंचवीस मिनिटांवर. मला वाटलं, घरचीच माणसं, त्यांना वेगळं काय सांगायचं? साठीच्या दिवशी दोघं आले नाहीत. फुलांचा गुच्छ आला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर. खाली आशावहिनींचं एक वाक्य: जिथे बोलावलं तिथे आलो.

तेव्हापासून बोलणं बंद. सुरुवातीला मी चिडले होते. एवढ्याशा गोष्टीवरून! पण याच बाईने इशिताच्या वेळी चाळीस दिवस वॉटफर्डहून येऊन माझं बाळंतपण केलं होतं. इथे बस कुठे थांबते इथपासून सगळं मला शिकवलं होतं. चूक माझी नव्हती. म्हणजे सगळी नव्हती.

रविवार, ११ मे

सकाळी डायनिंग टेबलावर तांदूळ पसरून बसले. अक्षतेला अखंड दाणा लागतो, तुटका चालत नाही. बासमती दिसायला देखणा आणि निम्मा मोडका. दोन तास निवडला. मग कुंकू, तुपाचं बोट, हलक्या हाताने चोळलं. वाटीभर झाल्या.

इशिताला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, प्लीज. पीपल विल थिंक इट्स रिलिजस. किंवा weird."

"तांदूळ आहेत गं ते. तांदळाला कोण घाबरतं?"

"आणि तू काय करणार, प्रत्येक डोअर नॉक करणार?"

"हो."

मग म्हणाली, "ओके. But wear your nice coat."

रीतीप्रमाणे यादी केली. पहिली अक्षत गणपतीला, ती सकाळीच दिली. दुसरी घरच्या वडीलधाऱ्यांना. ती ओळ कोरी सोडून पुढे गेले. तिसऱ्यापासून शेजारीपाजारी.

शनिवार, १७ मे

अकरा घरं झाली. पाय मोडले. पण काय दिवस गेला!

समोरचे मिस्टर प्रिचर्ड. वेल्सचे, बायको जाऊन दोन वर्षं झाली. एकवीस वर्षं आम्ही एकमेकांना हात हलवतो, पण त्यांच्या उंबऱ्यात मी आज पहिल्यांदा उभी राहिले. हातावर चार दाणे ठेवले आणि म्हटलं, माझ्या मुलीचा कार्यक्रम आहे, तुम्ही यायचं. त्यांनी विचारलं, "हे शिजवायचे का?" म्हटलं, नाही, नुसते ठेवायचे. "किती दिवस?" म्हटलं, एकवीस तारखेपर्यंत. त्यांनी आत जाऊन बायकोचा अंडं खायचा छोटा कप आणला आणि दाणे त्यात ठेवले. मी चहा नको म्हणत होते तरी घेतला. दूध फार होतं.

मग तीन घरं सोडून दानुता. पोलिश, बेकरीत कामाला, पहाटे चारला निघते म्हणून तिची-माझी गाठ कधी पडत नाही. तिने दोन्ही हात पुढे करून अक्षता घेतल्या, प्रसाद घेतात तशा. शिकवावं लागलं नाही. मग भडाभडा बोलायला लागली. त्यांच्याकडे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी पापडासारखी पातळ पोळी असते. ती एकाने दुसऱ्यापुढे धरायची, तुकडा मोडायचा, पुढच्याकडे जायचं, असंच काहीसं. तिचं इंग्रजी भरधाव आणि माझे कान साठीपलीकडचे. शेवटी तिने दाण्यांकडे बोट दाखवून विचारलं, "सेम?"

मी म्हटलं, "येस येस, सेम!"

पाहुणचारात कोणाला "नाही" कशाला म्हणायचं?

रविवार, १८ मे

विनय केस कापायला वॉटफर्डला गेला. महिन्यातून एका रविवारी जातो. हॅरोतले सगळे न्हावी मेलेत का, असं मी विचारलं की म्हणतो, "तिथला माणूस माझं डोकं ओळखतो." अकराला गेला तो चारला आला. केस होते तेवढेच. जेवायलाही नको म्हणाला. वय झालं की माणसं विचित्र होतात.

वाचायचा जुना चष्माही याने कधीचा कुठेतरी हरवलाय. नवा केला, पण अजून म्हणतो, जुनाच बरा होता.

मंगळवार, ३ जून

एकूण त्रेचाळीस घरं. यादीत टिंबं घालते आहे. तीन दारांवर "नो थँक यू" झालं, एका कुत्र्याने कोटाची बाही धरली. बाकी सगळे हसून घेतात. इशिताच्या ऑनलाइन यादीत मात्र अजून एकसष्टच नावं आहेत.

आज दानुता आली आणि म्हणाली, तांदूळ संपले, आणखी मिळतील का?

अक्षता कधी संपतात का? घरात ठेवायच्या असतात. मला वाटलं, बिचारीने पुसताना फेकून दिल्या असतील आणि आता लाज वाटते आहे. म्हटलं, घे. तर तिने पर्समधून जॅमची रिकामी बाटली काढली. पाव किलोची!

दिली भरून. आता पुन्हा तांदूळ निवडणं आलं. तिच्या बेकरीत लाल तांदळाचा काही पदार्थ करतात की काय देव जाणे.

बुधवार, ११ जून

हे लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

आज सकाळी कोट घातला, छोट्या डबीत अक्षता घेतल्या आणि हॅरो-ऑन-द-हिलला मेट्रोपॉलिटन लाइन पकडली. विनयला सांगितलं, लायब्ररीत जाते. वॉटफर्ड म्हणजे शेवटचं स्टेशन, चुकायचा प्रश्न नाही. मनात वाक्यं जुळवत होते. "आशावहिनी, इशिताचा कार्यक्रम आहे." इथपर्यंत सोपं. त्यापुढे काय? त्यांनी दारातच विचारलं, आता कशी आठवण झाली? किंवा काहीच विचारलं नाही, नुसतं पाहिलं? त्यांना तसं पाहता येतं.

शेवटचं स्टेशन यायच्या आधी क्रॉक्सलीला उतरले. पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेले आणि परतीची गाडी धरली. स्वतःला सांगितलं, आभाळ आलंय, छत्री नाही.

त्रेचाळीस परक्या दारांवर न घाबरता गेले. कुत्र्यालाही घाबरले नाही.

घरी आले तर विनयने विचारलं, "मिळालं पुस्तक?" म्हटलं, बंद होती. त्याने उठून चहा केला.

रविवार, १५ जून

विनय पुन्हा केस कापायला. येताना हातात आंब्याच्या साखरांब्याची बाटली. म्हणाला, न्हाव्याने दिली. म्हटलं, इंग्रज न्हावी साखरांबा करतो? तर म्हणे, टर्किश आहे. चव घेतली. वेलची आणि किंचित केशर, पाक अगदी एकतारी. टर्किश लोकांना इतकं येत असेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १७ जून

आज अशी गंमत झाली की अजून हसते आहे आणि अजून हादरलेली आहे.

भाजीच्या दुकानात गेले होते. काउंटरवर नवी मुलगी, रोमेनियाची. तिने सुटे पैसे हातावर ठेवले आणि त्यावर दोन लाल दाणे. माझ्याच अक्षता!

म्हणाली, "मॅडम, शनिवारी बागेत या. खूप मोठं टेबल आहे. मी तुम्हाला बोलावते."

मी म्हटलं, "हे कोणी दिलं तुला?" तर म्हणाली, चर्चमधल्या एका बाईने. तिला कोणी दिलं? बेकरीतल्या बाईने. मग ती पुढे वाकली आणि मोठं गुपित सांगावं तशी सांगायला लागली. नियम असा आहे, की आपल्याला मिळाले त्यातले थोडे ठेवायचे आणि उरलेले पुढे द्यायचे. स्वतः जाऊन, हातात. फोनवर पाठवलेलं चालत नाही. फोनवरचं बोलावणं ते लोक धरतच नाहीत.

"कोण ते लोक?" मी विचारलं.

"ज्यांची ही पद्धत आहे ते. एक म्हातारी बाई आहे म्हणे, ती घरोघर फिरते."

म्हातारी! मी कोथिंबीर घेतली आणि बाहेर आले. भाजीच्या दुकानातल्या पोरीने माझ्याच लेकीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मलाच दिलं आणि वर रीतही शिकवली.

घरी येऊन विनयला सांगितलं. आधी चिडलेच होते. अक्षत अशी दुसऱ्याला देतात का? आपल्याला आलेली आपण ठेवायची. ही काय नवी तऱ्हा? मग "सेम सेम" आठवलं आणि जीभ चावली. म्हणजे ही चूकही माझीच.

विनय खूप हसला. मग म्हणाला, "आसावरी, तू त्रेचाळीस घरी गेलीस. त्या त्रेचाळीसांनी किती घरं केली असतील?"

ते डोक्यात आलंच नव्हतं. इशिताला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "टेबलवर फक्त हंड्रेड सीट्स आहेत, आई."

शुक्रवार, २० जून

पाचही गावांची कापडं आज लायब्ररीत जोडली. मी मदतीला गेले होते, मदत म्हणजे टाचण्या धरणं. पोलंडची खसखशीची लाल फुलं, पोर्तुगालचे मासे, लिथुआनियाचं बीटाचं सार, ते गुलाबी रेशमाने असं भरलंय की चमचा घालावासा वाटतो. इटलीने नुसती लिंबं केली आहेत, पण काय लिंबं! आमच्या हॅरोच्या तुकड्यात जमैकाची पॅटी, नायजेरियाचा लाल भात, पेपरात गुंडाळलेले फिश अँड चिप्स आणि एक भाकरी. भाकरी कोणीतरी पांढरी गोल काढली होती, ती पौर्णिमेचा चंद्र दिसत होती. मी सुई मागून घेतली आणि शेजारी हिरव्या दोऱ्याने ठेचा घातला. आता भाकरी दिसते.

इशिता तीस मीटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. पोर्तुगालच्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या मुलीने दोन वर्षं आम्हा पाच गावांना भांडू दिलं नाही. मी म्हटलं, लहानपणापासूनच तशी आहे. खरं म्हणजे लहानपणी ती सगळ्यांशी भांडायची. पण लेकीचं कौतुक ऐकताना कोण खरं बोलतं?

रविवार, २२ जून

काल लिहायला हात उचलत नव्हता. आज सगळं लिहिते.

बारा वाजता जेवण. साडेअकराला बागेत मोजून सतरा माणसं, त्यात मिस्टर प्रिचर्ड, टाय लावून, हातात तो अंड्याचा कप. संस्थेच्या मुख्य बाई घड्याळ बघत होत्या. तीस मीटर कापड उन्हात अंथरलेलं, दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या. इशिताच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीचं ते हसू आलं. मला ते बघवेना. मी गणपतीला म्हटलं, पहिली अक्षत तुला दिली होती, विसरलास का?

मग फाटकातून दानुता आली. तिच्यामागे बेकरी. बेकरीमागे चर्च. मग भाजीवाली मुलगी आणि तिचं अख्खं घर. मुलांच्या गाड्या, व्हीलचेअर, एक अ‍ॅकॉर्डियन. डबे, पातेली, केक. आमच्या महाराष्ट्र मंडळाची माणसं आली, गुजराती शेजारी आले, सोमाली बायका आल्या. प्रत्येकजण फाटकाशी इशिताला तळहात उघडून दाखवत होता, तिकीट दाखवावं तसा. कोणाकडे दोन दाणे, कोणाकडे एकच. बारा वाजून दहा मिनिटांनी मी मोजणं सोडलं. संस्थेच्या बाईंनी नंतर सांगितलं, साडेचारशे.

आणि खुर्च्या शंभर.

मग जो गोंधळ झाला! पुढचे बसले, मागचे उभे. एकाच खुर्चीवर दोघं, कापडावर कोणाचा तरी ज्यूस. म्हातारी माणसं उन्हात तिष्ठत होती. पोर्तुगालच्या बाई एक सांगत होत्या, इटलीचे गृहस्थ दुसरंच. इशिता मायक्रोफोनवर "एव्हरीवन, प्लीज" म्हणत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. तिचा आवाज फाटायला लागला. बोलावणं मी केलं होतं. बसवायचं कसं, ते मलाही सुचेना.

तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला, "इशू, तो माइक ठेव खाली. आधी लहान मुलं आणि म्हातारे बसव. पहिली पंगत त्यांची."

मला वळून बघायची गरज नव्हती. तीन वर्षं ऐकला नव्हता तो आवाज, पण हजारात ओळखला असता. जांभळी इरकल, पदर खोचलेला, पायांत ट्रेनर्स. आशावहिनी. मागे संजयभाऊजी, त्यांच्या हातात साखरांब्याच्या बाटल्यांचं खोकं.

"मोठी काकू!" इशिता ओरडली, आणि सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात पडली.

"नंतर गं ते. शंभराच्या पंगती किती होतील? पाच? प्रत्येकीला पंचवीस मिनिटं. बसलेल्यांनी उठायचं आणि उठलेल्यांनी पुढच्या पंगतीला वाढायचं. आणि कोणी आपलं स्वतःचं वाढायचं नाही, दुसऱ्याचं वाढायचं. सांग त्यांना इंग्रजीत."

इशिताने सांगितलं. आणि ते झालं! वॉटफर्डच्या एका बाईने पाच देश रांगेत बसवले. मिस्टर प्रिचर्ड कोशिंबीर वाढत होते, डावीकडे, कारण आशावहिनींनी दोनदा त्यांचा हात उजवीकडून उचलून डावीकडे नेला. दानुता वरण वाढत होती. मी पोलिश करंज्या वाढल्या, आणि आग्रह कसा करतात तेही दाखवलं. संस्थेच्या बाई तिसऱ्या पंगतीला बसल्या आणि चौथीला त्यांनी भात वाढला. पोर्तुगालच्या बाईंनी गाणं म्हटलं तेव्हा साडेचारशे माणसं गप्प होती. इशिता टेबलाच्या टोकाशी उभी होती. रडत होती, पण या वेळी लपवत नव्हती. मी तिच्याकडे गेले आणि सांगितलं, "फार्मसी केली नाहीस ते बरं झालं." दोन वर्षं जिभेवर अडलेलं वाक्य होतं. ती म्हणाली, "आई, I'm going to frame that."

हॅरो यादीत राहिलं. बाईंनी निघताना सांगितलं, आणि विचारलं, ही तांदळाची कल्पना कोणाची? इशिताने माझ्याकडे बोट दाखवलं. मी कोट नीट केला.

शेवटची पंगत उठल्यावर आशावहिनी एका खुर्चीत टेकल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले. म्हटलं, "तुम्ही आलात."

त्यांनी पर्समधून पेपर नॅपकिन काढला, उलगडला. आत चार दाणे.

"शेजारी रेनाता राहते, पोलिश. बहीण हॅरोच्या बेकरीत आहे तिची. सोमवारी दार वाजवलं आणि हे हातावर ठेवलं. म्हणाली, मला बोलावलंय, म्हणून मी तुम्हाला बोलावते." त्यांनी एक दाणा उचलून उन्हात धरला. "एकही तुटका नाही. मी बघितल्याबरोबर ओळखलं, हे निवडणारी कोण ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "वहिनी, मी निघाले होते..."

"मी रेनाताच्या बोलावण्यावरून आले," त्या नॅपकिनची घडी घालत म्हणाल्या. "तुझं अजून यायचंय."

सोमवार, २३ जून

सकाळी कोट घातला. ऊन होतं तरी घातला. वाटीत तळाशी अक्षता उरल्या होत्या, त्यांतले अखंड दाणे पुन्हा निवडले. विनयला सांगितलं, "वॉटफर्डला जाते."

तो म्हणाला, "छत्री देऊ?"

म्हणजे त्याने ही वही वाचली होती, त्या दिवशीचंही त्याला माहीत होतं.

क्रॉक्सली आलं, मी बसून राहिले. शेवटच्या स्टेशनवर उतरले, चालत गेले, बेल वाजवली. आशावहिनींनी दार उघडलं, "ये" म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. त्यांच्या टीव्हीशेजारी एक चष्मा होता. तपकिरी काडी, डाव्या बाजूला मी स्वतः बांधलेला काळा दोरा. शेजारी विनय सोडवतो तसलं शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. स्वयंपाकघरातून वेलची-केशराचा वास येत होता. टर्किश न्हाव्याच्या साखरांब्यालाही तोच होता, आणि मी आठवडाभर पोळीला लावून खात होते. बायका नवऱ्यांना भोळं समजतात ते किती चुकीचं आहे!

आशावहिनी पाणी घेऊन आल्या. मी उभी राहिले. डोक्यावरून पदर घ्यायचा तर अंगात कोट, म्हणून नुसती वाकले, नमस्कार केला. त्यांना कुंकू लावलं, तळहातावर अक्षता ठेवल्या.

"कशाचं गं?" त्या म्हणाल्या. "कार्यक्रम तर परवाच झाला."

"त्याचं नाही," मी म्हटलं. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले आणि जे आलं ते बोलले. "वहिनी, विनयची साठी आहे. तुम्ही आणि भाऊजींनी यायचं. तुमच्याशिवाय व्हायची नाही."

त्यांनी हातातल्या दाण्यांवरून अंगठा फिरवला. विनय त्रेसष्ट वर्षांचा आहे, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

"कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

त्यांनी मूठ मिटली. डोळे पुसले, त्याच मुठीने.

"इतक्या उशिरा सांगतात का गं? आता साडी कुठली नेसू मी?"